एकाच लहरीवर तीन जिल्हे

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे पूर्णपणे उद्ध्वस्त केली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने जे पुनर्वसन झाले, त्यात घरबांधणीच्या मानाने लोकांच्या नजरेत फारसा न आलेला एक भाग संदेशवहनाचा होता. मंत्रालयातील नियंत्रण कक्ष जिल्ह्यांच्या नियंत्रण कक्षांशी व्हीसॅटने, म्हणजे छोट्या तबकडीच्या उपग्रह केंद्रांनी, जोडणे आणि त्याच्या जोडीला व्हीएचएफ वायरलेस उभारणे, ही कामे त्याच कार्यक्रमातून पुढे आली.

आज मोबाइल घरोघरी असला तरी वायरलेसची गरज सरलेली नाही, कारण मोबाइलचे मनोरे विजेवर आणि जमिनीखालच्या तारांवर विसंबून असतात आणि संकटाच्या घटकेला सारेच एकदम फोन करू लागले की जाळे तुंबते. शिवाय फोनवरचे बोलणे दोघांपुरते राहते. वायरलेसवर एकाने सांगितलेली पाण्याची पातळी तहसीलदार, ठाणे अंमलदार आणि बोटीवरचे पथक एकाच वेळी ऐकतात.

व्हीएचएफ लहरी मात्र साधारणपणे नजरेच्या टप्प्याइतक्याच जातात; ३० मीटर उंचीवरील अँटेनाला सपाट जमिनीवर सुमारे २२ किलोमीटरचे क्षितिज मिळते, आणि मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट या बालाघाटच्या पट्ट्यात मध्ये डोंगरसोंड आली की तेवढेही मिळत नाही. म्हणून उंचवट्यावर रिपीटर बसवावा लागतो, म्हणजे एका वारंवारितेवर आलेला क्षीण संदेश त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारितेवर जोरकसपणे पुन्हा सोडणारे केंद्र. लातूर आणि नांदेड यांच्यासारखी दूरची शहरे जोडायची तर अशा केंद्रांची साखळी लागते, आणि तिची एक कडी निकामी झाली तरी पलीकडचा तालुका मुका होतो.

यंत्रणा उभारण्यापेक्षा तिची निगा राखणे अधिक कठीण असते, आणि खरे तर निधीची पहिली मागणी त्यासाठीच व्हायला हवी. बॅटऱ्या काही वर्षांत क्षीण होतात, केबलच्या सांध्यात पावसाचे पाणी मुरते, आणि वीज पडली तर अर्थिंग चांगले असल्यावाचून यंत्र वाचत नाही. मराठवाड्याची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, त्यामुळे अर्थिंगच्या खड्ड्यातील ओल जाते आणि रोध वाढतो; वळवाच्या पहिल्या विजा कडाडतात त्याही याच दिवसांत. त्या खड्ड्यात एप्रिल-मे महिन्यांत पाणी ओतणे आणि रोध मोजून नोंदवहीत लिहिणे, हे काम दिसायला क्षुल्लक आहे; पण रिपीटरचे आयुष्य त्यावरच अवलंबून असते.

तंत्राइतकाच अवघड प्रश्न सामाईकपणाचा आहे. पोलीस, वन, पाटबंधारे अशा खात्यांचे वायरलेस वेगवेगळ्या वारंवारितांवर चालत असतील, तर शेजारी उभी असलेली दोन पथकेही एकमेकांना ऐकू शकत नाहीत. ट्रंकिंग पद्धतीत सर्व खाती एकच मनोरे आणि वारंवारितांचा एकच साठा वापरतात, यंत्रणा मोकळी वाहिनी आपोआप देते, आणि संकटकाळी सर्वांचा एक संयुक्त गट करता येतो. परंतु त्यासाठी खर्च कोणी उचलायचा आणि आधी बोलण्याचा अधिकार कोणाचा, हे खात्यांनी शांततेच्या काळातच ठरवावे लागते. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चारही जिल्हे पोलिसांच्या एकाच नांदेड परिक्षेत्रात येतात, ही यासाठी जमेची बाजू आहे.

पाणी मात्र परिक्षेत्राच्याही बाहेरून येते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील रावणगाव, हसनाळ ही गावे पुराने वेढली गेली, तेव्हा स्थानिक अतिवृष्टीत उदगीर आणि कर्नाटकाकडून आलेल्या पाण्याची भर पडली होती, आणि नांदेड, लातूर व बीदर अशा तीन जिल्ह्यांच्या प्रशासनांना एकमेकांशी समन्वय ठेवावा लागला. या तिघांसाठी एक राखीव वाहिनी असावी, तिच्यावर रोज ठरलेल्या वेळी हजेरी व्हावी, आणि त्या वाहिनीवर मराठी, कन्नड की हिंदी बोलायचे हेही पूर नियंत्रण कक्ष जूनमध्ये सुरू होण्याआधी लेखी ठरलेले असावे.