चिपाडातली गोडी : झायलिटॉल



गुऱ्हाळावर ज्याला आपण चिपाड म्हणतो आणि कारखान्यात बगॅस, त्यातही एक गोडी दडलेली आहे. ती रसातल्या साखरेची नव्हे. चिपाडाच्या धाग्यांत झायलोज नावाची साखर जखडलेली असते. ती सोडवून तिच्यावर हायड्रोजनची प्रक्रिया केली की झायलिटॉल तयार होते. शास्त्रज्ञ याला साखर-अल्कोहोल म्हणतात. नावावर जाऊ नका, हे खाऊन कुणाला चढत नाही! फ्लॉवरच्या भाजीतही ते अगदी थोडे असते. बाजारातले झायलिटॉल बहुतेक मक्याच्या बुरकुंडांपासून किंवा बर्च झाडाच्या लाकडापासून केलेले असते.

गोडी साखरेइतकीच, पण ग्रॅममागे उष्मांक ४ ऐवजी सुमारे २.४. जिभेला गार लागते. चहाला चालते, पण पाव फुगवायला उपयोग नाही, कारण यीस्ट ते खात नाही.

दात किडवणारे जंतूही ते पचवू शकत नाहीत, म्हणून आम्ल तयार होत नाही. फिनलंडमध्ये तुर्कू येथे दोन वर्षे लोकांना साखरेऐवजी झायलिटॉल देऊन पाहिले. १९७५ साली निष्कर्ष आले, त्यांत दातांची कीड फार कमी आढळली. त्याच वर्षी तिथे झायलिटॉलचे च्युइंगम निघाले. मात्र २०१५ साली सगळे प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा पुरावा बेताचाच भरला. तेव्हा ब्रश सोडू नये हे बरे.

आता शुगरवाल्या मंडळींसाठी. याने रक्तातली साखर साखरेच्या मानाने फारच कमी वाढते. पण हे औषध नव्हे. डबा आणला म्हणून गोळी बंद, असे कुणी करू नये. एकदम जास्त खाल्ले तर पोट फुगते, जुलाब लागतात. थोड्यापासून सुरुवात करावी. २०२४ च्या एका अभ्यासात रक्तात झायलिटॉल जास्त असणाऱ्यांना हृदयविकार व पक्षाघात अधिक आढळले. झायलिटॉलमुळेच ते झाले हे त्यातून सिद्ध होत नाही, तरी हृदयाचे दुखणे असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नये.

आणि वस्तीवरचा कुत्रा! माणसाला चालते ते त्याला विष आहे. थोड्याशा झायलिटॉलनेही त्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते, यकृतही निकामी होऊ शकते. चुकून खाल्लेच, तर वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे.

मग आपला कारखाना हे का करत नाही, असे सभासद विचारतील. २०२२ साली गुवाहाटीच्या आयआयटीने उसाच्या बगॅसपासूनच झायलिटॉल करून दाखवले. आंबवण्याला ४८ तास लागत, ते ध्वनिलहरींच्या मदतीने १५ तासांवर आणले. पण तो प्रयोगशाळेतला प्रयोग. आपल्याकडे बगॅसवर पहिला हक्क बॉयलरचा, मग सहवीजनिर्मितीचा. सभेत प्रश्न मांडण्याआधी हंगामात बगॅस शिल्लक किती राहतो, तो आकडा वार्षिक अहवालात जरूर पाहावा.