मातीवरची मोटरसायकल: काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

ऑफ-रोड चालवणे, म्हणजे मुरूम, वाळू, चिखल, सुटे दगड आणि ओढे यांनी भरलेल्या कच्च्या वाटांवरून मोटरसायकल नेणे, हे डांबरी रस्त्यावरच्या कौशल्यात थोडे धाडस मिसळले की साधते, असे सर्रास मानले जाते. वस्तुतः फरक पडतो तो पकडीमुळे. डांबरावर टायर आणि पृष्ठभाग यांच्यातील घर्षण बव्हंशी एकसारखे राहते आणि चाक घसरले की अपघात जवळ आला असे समजावे लागते. मातीवर मात्र ही पकड पावलागणिक बदलते आणि चाक थोडेबहुत घसरत राहणे ही तेथील नेहमीची अवस्था असते. रस्त्यावर वर्षानुवर्षे गाडी चालवलेला माणूसही पहिल्या सुट्या मुरमावर ताठरतो, हँडल आवळून धरतो आणि पडतो, याचे कारण हेच आहे.

फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवण्याच्या दांड्यांवर, उभे राहून चालवल्याने गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो, हा सर्वांत चिवट गैरसमज असून तो अनुभवी चालकांच्या तोंडीही ऐकू येतो. गुरुत्वमध्य म्हणजे ज्या बिंदूपाशी संपूर्ण वस्तुमान एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, आणि तो वस्तुमान कोठे आहे यावर ठरतो, ते कोठे टेकले आहे यावर नव्हे. त्यामुळे चालक उभा राहिला की त्याचे धड वर जाते आणि गाडी व चालक यांचा एकत्रित गुरुत्वमध्यही वरच सरकतो. तरीही उभे राहण्याचा सल्ला योग्यच आहे, फक्त त्याचे कारण वेगळे आहे. बसलेला चालक सीटला जखडलेला असल्यामुळे दगडावरून गाडी डावीकडे फेकली गेली की तोही तिच्याबरोबर फेकला जातो. उभ्या चालकाचे गुडघे, घोटे आणि कंबर मोकळी असल्याने गाडी त्याच्या पायांखाली हलू शकते आणि त्याचे शरीर जवळजवळ आपल्या सरळ मार्गावर राहते. शिवाय गुडघे स्प्रिंगसारखे काम करतात आणि नजर लांबवर जाते. अर्थात हात ताठ ठेवून हँडलला लोंबकळत उभे राहिल्यास यांतील कोणताच लाभ मिळत नाही. गुडघ्यांनी टाकी हलकेच धरावी, कोपरे बाहेर असावेत आणि बोटांची पकड सैल असावी, असे प्रशिक्षक पुन्हापुन्हा सांगतात ते यासाठीच.

मातीवरच्या बदलत्या पकडीमुळे वळण घेण्याची रीतही उलटते. डांबरावर चालक गाडीबरोबर किंवा तिच्याहून अधिक आत झुकतो. मातीवरच्या संथ वळणात गाडी आत झुकवायची आणि शरीर बाहेरच्या बाजूला ठेवून बाहेरच्या फूटपेगवर भार द्यायचा असतो, म्हणजे चाक घसरले तरी चालक गाडीखाली सापडत नाही.

मातीवर पुढचा ब्रेक लावूच नये, हाही असाच अर्धवट सल्ला आहे. ब्रेक लावल्यावर भार पुढच्या चाकाकडे सरकतो, त्यामुळे मातीवरही थांबवण्याची मोठी ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते. पुढचे चाक लॉक होऊन फिरायचे थांबले तर दिशा देण्याची क्षमता जाते, ही भीती मात्र खरी आहे. म्हणून हा ब्रेक एकदोन बोटांनी, हळूहळू दाब वाढवत आणि हँडल सरळ असतानाच वापरायचा असतो. चाक लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणा येथे नेहमीच मदत करते असेही नाही: सुट्या खडीवर लॉक झालेले चाक स्वतःपुढे मातीचा ढीग रचते आणि त्याने गाडी रोखली जाते, पण एबीएस चाक सतत सोडत राहिल्याने थांबण्याचे अंतर वाढू शकते. काही गाड्यांमध्ये मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय दिलेली असते ती याच कारणाने.

गाडीच्या आकाराविषयीचा भ्रम बहुधा जाहिरातींतून आलेला असावा. सुमारे 250 किलो वजनाची बीएमडब्ल्यू आर 1250 जीएस लांबच्या प्रवासाला उत्तम असली, तरी उतारावर आडवी झालेली ही गाडी नवशिक्याला एकट्याने उभी करणे अवघड असते. आणि शिकताना गाडी पडणारच. जगातील कठीण मोहिमांपैकी एक असलेल्या डकार रॅलीतही मोटरसायकलींचे इंजिन 450 सीसीपुरते मर्यादित आहे. 2015 मध्ये ही रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष ठरले, तेही याच मर्यादेत. भारतात 2019 मध्ये आलेली हिरो एक्सपल्स 200 सारखी, दीडशे किलोंच्या आसपासची गाडी म्हणूनच शिकण्यासाठी अधिक सोयीची आहे. तिच्या सीटची उंची 823 मिलिमीटर असल्याने बुटक्या माणसाने तिचा विचारही करू नये, असे म्हटले जाते. पण दोन्ही पाय सपाट टेकण्याची गरज नसते, एका पायाचा चवडा टेकला आणि सीटवरून एका बाजूला सरकता आले की भागते.

अडचण आली की गॅस पिळावा, हा सल्ला केवळ मऊ वाळूपुरता काही अंशी खरा आहे, कारण तेथे वेग फारच उतरला तर पुढचे चाक रुतते. इतरत्र, विशेषतः दगडांत, हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून इंजिनाची ताकद चाकाला जेमतेम पोहोचू देत, चालत्या माणसाच्या वेगाने जाता येणे हीच खरी परीक्षा आहे.

टायरमधील हवा जितकी कमी तितकी पकड चांगली, असेही नाही. दाब उतरवला की टायर पसरतो आणि जमिनीला अधिक टेकतो, हे खरे. परंतु ट्यूब असलेल्या टायरमध्ये तो फार उतरल्यास धारदार दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाऊन फाटते, किंवा टायर रिमवर फिरून व्हॉल्व्ह उपटला जातो. वाळूत हवा सोडलेल्या गाडीने त्याच दाबावर खडकाळ वाट धरणे म्हणजे पंक्चरला निमंत्रण. संरक्षक साधने फक्त शर्यतीत लागतात, हा समज तर पहिल्याच पडण्यात दूर होतो: कमी वेगातही घोटा गाडीखाली सापडतो, म्हणून हेल्मेटइतकेच घोट्यावर चढणारे कडक बूट आवश्यक आहेत.

जेथे रस्ता नाही तेथे मनाई नाही, हा समज मात्र चालकापेक्षा भूमीला महागात पडतो. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 अन्वये अभयारण्यात परवानगीविना प्रवेश करता येत नाही, आणि वेळास किंवा आंजर्ले येथील किनारे ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीच्या जागा आहेत. सह्याद्रीतील सडे, म्हणजे जांभ्याची किंवा काळ्या कातळाची सपाट पठारे, उन्हाळ्यात उजाड भासली तरी त्यांवरील मातीच्या पातळ थरात पावसाळ्यात उगवणाऱ्या वनस्पतींचे कंद आणि बिया असतात, आणि टायरने उकरलेल्या चरातून पहिल्या सरीबरोबर हीच माती वाहून जाते. मालकाच्या संमतीने वापरलेले पडीक रान किंवा प्रशिक्षणासाठी आखलेले मैदान नवशिक्याला पुरते. चार दगड मांडून त्यांच्याभोवती संथपणे आठचा आकडा काढणे आणि पडलेली गाडी पाठीने रेटून उभी करणे, या दोन्ही गोष्टी तेथेच शिकून होतात.