रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्यासाठी

आमच्या येलदरीला पूर्णा नदीवर मोठे धरण आहे, पण कर्करोगाच्या उपचारासाठी छत्रपती संभाजीनगर, बार्शी किंवा मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय गाठावे लागते. केमोथेरपीचे सलाईन बहुधा एक-दोन दिवसांत संपते. पुढचे दोन-तीन आठवडे रुग्ण घरी असतो आणि त्या काळात परिचारिका, स्वयंपाकी व पहारेकरी ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे येतात. आजचा लेख त्या माणसासाठी, म्हणजे कदाचित आपल्यासाठीच आहे.

काही वर्षांपूर्वी सत्तरीचे एक गृहस्थ भल्या सकाळी पत्नीला घेऊन माझ्याकडे आले. केमोथेरपीला दहा दिवस झाले होते. रात्री अंग तापले, तेव्हा त्यांनी तापाची गोळी दिली, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या आणि रात्रभर जागून काढली. "एवढ्या रात्री कुणाला उठवायचं, डॉक्टरसाहेब?" असे ते म्हणाले. बाईंचा रक्तदाब तोवर फार उतरला होता. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून त्यांना पुढे पाठवले. त्या बचावल्या, पण थोडक्यात. चूक त्या गृहस्थांची नव्हती. त्याच आठवड्यात ते स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी माझ्याकडे येऊन गेले होते, आणि घरी कसे चालले आहे हे मी विचारले नव्हते.

तेव्हापासून प्रत्येक काळजीवाहकाला मी पहिली गोष्ट हीच सांगतो. केमोथेरपीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी फार कमी होतात. या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाला, तर सकाळची वाट पाहू नये. विचारल्याशिवाय तापाची गोळीही देऊ नये. ताप दबतो, संसर्ग मात्र वाढत राहतो. लगेच फोन करून रुग्णालय गाठावे. धाप लागणे, रक्तस्राव, गुंगी, पाणीही पोटात न टिकणे, ही लक्षणेही तितकीच तातडीची आहेत.

हा फोन कुणाला करायचा, हे सुटीच्या दिवशीच रुग्णालयात विचारून घ्यावे. दिवसाचा व रात्रीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावा. त्याखाली आजाराचे नाव, शेवटच्या केमोथेरपीची तारीख आणि चालू औषधे लिहावीत. फोनवर डॉक्टर हेच प्रथम विचारतात.

रुग्णाच्या वतीने आपण डॉक्टरांशी बोलू शकता का? होय. मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. काळजीवाहक रुग्णाजवळ असताना त्याच्या वतीने सल्ला घेऊ शकतो, हे त्यांत मान्य केले आहे. 'ई-संजीवनी' या शासकीय सेवेतून घरच्या मोबाइलवर किंवा उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यामार्फत डॉक्टरांशी बोलता येते. मात्र याच तत्त्वांनुसार मॉर्फिनसारखी औषधे फोनवर लिहून देता येत नाहीत. तीव्र वेदनेसाठी प्रत्यक्ष भेट ठरवावी आणि ती औषधे संपत येण्याआधीच जावे.

आता आपल्याविषयी. जागरण, चिडचिड आणि 'मी कमी पडलो' ही टोचणी मनात साठते. ती बोलून दाखवण्यात कमीपणा नाही. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून दिवसरात्र चालू असतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे. स्वतःच्या रक्तदाबाची व मधुमेहाची औषधे रुग्णाच्या औषधांशेजारीच ठेवा, म्हणजे चुकणार नाहीत.

पुण्या-मुंबईला असलेल्या मुला-मुलींना एक विनंती. रोज फोन करून "आई कशी आहे?" एवढेच विचारू नका. पुढील तपासणीची तारीख, प्रवासाची गाडी, औषधांचा साठा, अहवालांची छायाचित्रे, यांतील एक जबाबदारी पूर्णपणे स्वतःकडे घ्या. ती दुरूनही उत्तम पार पडते. आणि फोन ठेवण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारा: "बाबा, काल रात्री तुम्ही झोपलात का?"

मी तो प्रश्न त्या वेळी विचारला नव्हता. आता माझ्या दवाखान्यात तो रोज विचारला जातो.