रुळांतून धावणारा निरोप

वैजापूरकरांची आगगाडी रोटेगावला थांबते. या स्टेशनाभोवतीचा एक किलोमीटर मार्ग 1:87 या ‘एचओ’ प्रमाणात उभारायचा, तर साडेअकरा मीटर रूळ लागतील. पुण्यात कोथरूडला जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात अशा छोट्या गाड्या 1998 पासून पाहायला मिळतात. घरच्या मांडणीत गाडी अडखळली की दोष इंजिनाला दिला जातो. पुष्कळदा तो फळीखालच्या तारेत असतो.

जुन्या पद्धतीत रुळांतले व्होल्टेज बदलले की त्यावरची सगळी इंजिने एकदम वेग बदलत. डिजिटल नियंत्रणात, म्हणजे ‘डीसीसी’त, रुळांत कायम सुमारे 15 व्होल्ट असतात आणि विजेची दिशा सतत उलटते. ती 58 मायक्रोसेकंदांनी उलटली तर ‘1’, सुमारे 100 मायक्रोसेकंदांनी उलटली तर ‘0’. या अंकांतूनच इंजिनाचा क्रमांक आणि त्याला दिलेला हुकूम तयार होतो. शक्ती आणि निरोप एकाच वाटेने जातात.

निरोपाच्या शेवटी पडताळ्याचे अंक असतात. ते जुळले नाहीत तर इंजिन निरोप टाकून देते. नियंत्रक तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतो, म्हणून थोडी गळती जाणवत नाही. कच्चा सांधा लपून राहतो तो याच सोयीमुळे.

म्हणून रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्यांवर विसंबू नये. फळीखालून दोन जाड तारा न्याव्यात आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यांतून आखूड तार सोल्डर करावी. दहा मीटर अंतरावर 3 अँपिअर नेताना, जाऊन-येऊन, अर्धा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत सुमारे 2 व्होल्ट वाया जातात. घरातल्या प्लगची अडीचची तार वापरली तर जेमतेम 0.4.

शेवटी नाण्याची परीक्षा. रुळांच्या प्रत्येक तुकड्यावर नाणे आडवे ठेवावे. पुरवठा तत्काळ तुटला पाहिजे. तुटला नाही, तर तारेचा रोध जास्त आहे. मग घसरलेल्या डब्याच्या चाकांतून 3 अँपिअर वाहत राहिले, तरी नियंत्रकाला ते चालू इंजिनच वाटते आणि प्लॅस्टिक वितळते.

खऱ्या रेल्वेत 1872 साली विल्यम रॉबिन्सनने ट्रॅक सर्किट आणले. त्यात गाडीची चाके दोन रूळ जोडतात आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली तरी लालच. तिथे बिघाड स्वतःच इशारा देतो. खेळण्यातल्या रुळांत तो गप्प बसतो, म्हणून त्याला नाण्याने बोलते करावे लागते.