सौंदर्यशस्त्रकर्माचे पूर्वकर्म : आपण कोठे कमी पडतो?

सन २०१९ मधील गोष्ट आहे. आमच्या चिकित्सालयात स्थौल्य व अग्निमांद्य यांसाठी वर्षभर येणाऱ्या ४१ वर्षांच्या एका भगिनींनी पोटाच्या सैल पडलेल्या त्वचेची शस्त्रक्रिया करवून घेतली. दोन सिझेरियननंतर पोटाला आलेली ओघळ त्यांना अनेक वर्षे सलत होती. शस्त्रक्रियेची गोष्ट त्यांनी आम्हांला सांगितली नव्हती, आणि आम्हीही कधी विचारली नव्हती. शस्त्रक्रियेच्या रात्रीच त्वचेखाली रक्त साकळले व त्यांना पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी शल्यचिकित्सकांचा आम्हांला दूरध्वनी आला. त्यांनी विचारले, "या ताई आपल्याकडचे काही औषध घेत होत्या का? त्यांच्या पिशवीत पुड्या सापडल्या. त्यांवर फक्त 'सकाळ-संध्याकाळ' लिहिले आहे."

त्या पुड्यांत त्रिफळा गुग्गुळ व लशुनादी वटी होती. शस्त्रक्रियेपूर्वी "कोणती औषधे सुरू आहेत?" असे विचारले असता रुग्णेने "काही नाही" असे उत्तर दिले होते. त्यात लबाडी नव्हती. आपल्या समाजात वैद्याची पुडी ही औषधाच्या यादीत धरली जात नाही, एवढेच. रक्तस्राव आमच्या औषधांमुळेच झाला असे कोणी म्हटले नाही व तसे सिद्धही करता येणार नाही. पुढे जखमेच्या कडेची त्वचा काळी पडली व भरून येण्यास दोन महिने लागले, तेव्हा त्या रोज मिश्री लावत होत्या हेही उघड झाले. "धूम्रपान करता का?" या प्रश्नाला त्यांनी खरे तेच उत्तर दिले होते. मिश्रीविषयी कोणी विचारलेच नव्हते.

त्या भगिनी आता बऱ्या आहेत. परंतु त्या दूरध्वनीवर आम्हांला जी निरुत्तरता आली, तिच्यातून हा लेख लिहिला जात आहे.

मापाची परंपरा

त्रिविध कर्माची मांडणी आपल्याला नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म अशी विभागणी आहे. सोळाव्या अध्यायात कर्णपाळी जोडण्याचे विधी व नासासंधान येते. तेथे प्रथम वृक्षाचे पान नाकाच्या मापाचे कापून घ्यावयाचे व त्या मापाने गालाची त्वचा घ्यावयाची, असा क्रम सांगितला आहे. शस्त्र हाती घेण्याआधी माप येते.

हाच क्रम पुढे आपल्या पुण्याजवळ दिसतो. १७९२ च्या युद्धात इंग्रज सैन्याबरोबर असलेला कावसजी नावाचा बैलहाक्या टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतील एका कुशल कारागिराने कपाळाच्या त्वचेपासून त्याला नवे नाक करून दिले. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन' या नियतकालिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिकत प्रसिद्ध झाली. तेथे पानाऐवजी मेणाचा पातळ तुकडा मापासाठी वापरला होता व जखमेवर काताचा लेप दिला होता. ही हकिकत वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये हे शस्त्रकर्म केले व १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

या इतिहासाचा अभिमान आपण सभासंमेलनांत नेहमी व्यक्त करतो. तथापि प्रधानकर्म आज प्लास्टिक सर्जनच्या हाती आहे. आपल्या हाती उरले आहे ते पूर्वकर्मातील माप, म्हणजे रुग्णाच्या शरीराचे व सत्त्वाचे माप. ते घेण्यात आपण कमी पडलो, तर नुसता अभिमान रुग्णाच्या उपयोगी पडत नाही.

औषधे केव्हा थांबवावीत

शस्त्रक्रियेपूर्वी किमान दोन आठवडे वनस्पतिजन्य औषधे बंद असावीत, असा भूलशास्त्रातील सर्वसाधारण सल्ला आहे. आपण तो मान्य करण्यात कमीपणा नाही. ज्या द्रव्यांत कार्मुकता आहे, त्यांत शस्त्रक्रियेच्या वेळी अडचण करण्याची शक्तीही असणारच.

लसूण, आले, हळदीच्या सत्त्वाच्या कॅप्सूल व गुग्गुळाचे कल्प यांचा रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम होण्याची शक्यता असते. फोडणीतील चिमूटभर हळदीची चिंता नको. प्रश्न औषधी मात्रेचा आहे. अश्वगंधा, तगर व जटामांसी यांनी भुलीच्या औषधांची गुंगी वाढू शकते. यष्टिमधु दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील पोटॅशियम घटून रक्तदाब वाढू शकतो. मेषशृंगी, कारले, मामेजवा यांसारखी द्रव्ये उपवासाच्या अवस्थेत रक्तातील साखर खाली आणू शकतात. सोमलता असलेले कल्प हृदयाची गती व रक्तदाब वाढवितात. आसव-अरिष्टांत मद्यांश असतो. भस्मे व रसकल्प सुरू असतील, तर तेही शल्यचिकित्सकांना कळले पाहिजे.

येथे एक मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड यांची आधुनिक औषधे अथवा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आपण बंद करावयाच्या नाहीत. तो निर्णय ज्यांनी ती दिली त्यांचा व भूलतज्ज्ञांचा आहे.

शोधन, आहार व तंबाखू

"शस्त्रक्रियेपूर्वी शरीर शुद्ध करून द्या" अशी मागणी घेऊन येणारे रुग्ण अलीकडे वाढले आहेत. वमन-विरेचनाने शरीरातील जलांश व क्षार कमी होतात. आमच्या मते शोधन करावयाचेच असल्यास ते महिनाभर आधी पूर्ण होऊन संसर्जनक्रमानंतर रुग्णाचे बल पूर्ववत झालेले असावे. तेवढा अवधी नसल्यास शोधन करू नये.

मेद काढून घेण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे लायपोसक्शन, हा स्थौल्याचा उपचार नव्हे, हे रुग्णाला प्रथम सांगावे. शरीराची आखणी सुधारणे एवढाच तिचा हेतू असतो. शस्त्रक्रियेआधी वजन काही महिने स्थिर असावे. घाईने उपाशी राहून उतरविलेले वजन जखम भरण्याच्या कामी शत्रू ठरते. मूग, दूध, ताक, चालत असल्यास अंडी असा पोषक आहार ठेवावा. हिमोग्लोबिन व साखर तपासून घ्यावी. पांडू असलेल्या स्त्रीने आधी रक्त भरून आणावे, मग शस्त्रक्रियेची तारीख घ्यावी.

तंबाखूमुळे त्वचेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित होतात. चेहरा अथवा पोटाची त्वचा उचलून पुन्हा बसविण्याच्या शस्त्रक्रियेत त्या त्वचेचे जीवन याच वाहिन्यांवर अवलंबून असते. म्हणून किमान चार आठवडे आधीपासून जखम भरेपर्यंत तंबाखू पूर्ण बंद असावी. प्रश्न मात्र नावे घेऊन विचारावा : बिडी, सिगारेट, गुटखा, मावा, तपकीर, मिश्री. निकोटिनच्या गोळीचाही उल्लेख करावा.

आदल्या दिवशीचे नियम

सुश्रुतांनी काही ठरावीक शस्त्रकर्मे उपाशीपोटी करावयास सांगितली असून अन्यत्र रुग्णास आधी भोजन द्यावे, असे म्हटले आहे. वेदनेने मूर्च्छा येऊ नये हा त्यामागील हेतू होता. आज भूल दिली जाते व भुलीत पोटातील अन्न श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. म्हणून हलक्या आहारानंतर किमान सहा तास, तेलकट-जड आहारानंतर आठ तास किंवा अधिक, व साध्या पाण्यानंतर दोन तास जावे लागतात. भूलतज्ज्ञांनी याहून कडक वेळ दिली असल्यास तीच पाळावी. आपले कित्येक रुग्ण सकाळचे तूप किंवा दुधातील चूर्ण 'औषध' समजून घेतात व उपाशी असल्याचे सांगतात. भूलतज्ज्ञांच्या दृष्टीने तूप व दूध हे अन्नच आहे, हे त्यांना निक्षून सांगितले पाहिजे.

आदल्या दिवशी अभ्यंग नको. तेलकट त्वचेवर खुणा व चिकटपट्ट्या नीट बसत नाहीत. नाकाच्या शस्त्रक्रियेपूर्वी नस्य करू नये व नंतर शल्यचिकित्सकांच्या अनुमतीशिवाय ते सुरू करू नये. नखांवरील रंग व बोटांवरील मेंदी यांमुळे प्राणवायूचे प्रमाण दाखविणाऱ्या यंत्राच्या नोंदीत चूक होऊ शकते. लग्नसराईत हे विशेष लक्षात ठेवावे.

सत्त्वपरीक्षा

चरकांच्या दशविध परीक्षेत सत्त्वपरीक्षा आहे, आणि अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थूल, अतिकृश, अतिकृष्ण, अतिगौर अशा देहांची गणना आहे. देहाला नावे ठेवणाऱ्या लोकांची दृष्टी शास्त्राला ठाऊक होती. ती दृष्टी घेऊनच रुग्ण आपल्यासमोर बसतो. त्याला हसू नये व "देवाने दिलेले रूप कशाला बदलता?" असा उपदेशही करू नये.

आम्ही चार प्रश्न विचारतो. ही इच्छा आपली की सासरच्यांची अथवा जोडीदाराची? नेमके काय बदलावयाचे आहे, ते एका वाक्यात सांगता येईल का? त्यानंतर आयुष्यात काय बदलेल असे वाटते? दिवसातील किती वेळ आरशासमोर अथवा या विचारात जातो?

"सूज उतरण्यास काही महिने लागतील, व्रण पुसट होईल पण नाहीसा होणार नाही" हे ऐकून जो शांत राहतो, त्याची तयारी झाली असे समजावे. एका तरुणाने नाकाच्या तिसऱ्या शस्त्रक्रियेपूर्वी आमच्याकडे बलवर्धक औषध मागितले. त्याचे नाक आम्हांला सरळ दिसत होते. तो मात्र दिवसाचे तीन-चार तास त्याच्याच विचारात असे व त्यापायी त्याने नोकरी सोडली होती. शरीररूपाविषयीच्या अशा ग्रस्ततेला आधुनिक मानसशास्त्रात स्वतंत्र विकार मानले आहे व शस्त्रक्रियेने त्याचे समाधान सहसा होत नाही. आम्ही त्याला बलवर्धक दिले नाही; मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. पहिल्या दिवशी तो रागावला. वर्षभराने त्याने पेढे आणले, ते नव्या नोकरीचे.

मध्यम सत्त्वाच्या रुग्णाला आश्वासन, संथ श्वसनाचा अभ्यास, नियमित झोप व रोजचे चालणे पुष्कळ उपयोगी पडते. घरी पहिला आठवडा कोण सांभाळणार, हे आधी ठरविणे हीदेखील मनाचीच तयारी आहे. शल्यचिकित्सक प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. अथवा डी.एन.बी. आहेत का, व रुग्णालयात भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षतेची सोय आहे का, हे विचारण्याचे धैर्यही आपणच रुग्णाला दिले पाहिजे.

एक चिठ्ठी

त्या प्रसंगानंतर आम्ही पुडीवर कल्पाचे नाव, मात्रा व दिनांक लिहिल्याशिवाय ती देत नाही. शस्त्रक्रिया ठरलेल्या प्रत्येक रुग्णाला शल्यचिकित्सकांच्या नावे चिठ्ठी देतो. तीत दिलेली औषधे, ती बंद केल्याचा दिनांक, व्यसने व आमचा दूरध्वनी क्रमांक असतो. औषधी दुकानदार बंधूंनाही विनंती आहे की, गुग्गुळ, लसूण वा मेदोहर कल्प देताना "एखादी शस्त्रक्रिया ठरली आहे का?" एवढे विचारावे. वैद्याच्या चिठ्ठीशिवाय नेली जाणारी औषधे तुमच्याच हातून जातात.

गेल्या पावसाळ्यात त्याच शल्यचिकित्सकांचा पुन्हा दूरध्वनी आला. आमच्या एका रुग्णेची शस्त्रक्रिया त्यांनी आठ दिवस पुढे ढकलली होती, कारण चिठ्ठीवरील दिनांकाला दोन आठवडे झाले नव्हते. ते म्हणाले, "वैद्यराज, चिठ्ठी मिळाली. बरे झाले." आम्हांला तेवढे पुरेसे वाटले.