रूट ४० : राजदूतांची सोय की सर्वांसाठी कायदा?

१९६० या एकाच वर्षात आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले आणि त्यांच्या राजदूतांच्या न्यूयॉर्क–वॉशिंग्टन अशा खेपा सुरू झाल्या. मोटारीने जायचे तर मेरीलँडमधला ‘रूट ४०’ हा हमरस्ता लागे, आणि त्याच्या कडेच्या कित्येक उपाहारगृहांत काळ्या माणसाला बसू देत नसत. जून १९६१मध्ये चाडचे राजदूत आदम मलिक सो राष्ट्राध्यक्ष केनेडींना अधिकारपत्रे सादर करायला निघाले होते. वाटेत ते कॉफी प्यायला थांबले, तर त्यांना ती नाकारण्यात आली. आपल्यालाही हा अनुभव नवा नव्हता. १९५५मध्ये ह्यूस्टनच्या विमानतळावर भारताचे राजदूत गगनविहारी मेहता यांना उपाहारगृहात वेगळे बसायला सांगितले गेले होते.

अशा वेळी सरकारला पहिला उपाय सुचतो तो पाहुण्यापुरती सोय करण्याचा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने पेद्रो सानहुआन यांच्या हाताखाली एक खास विभागच उभा केला. राजदूतांना भाड्याने घर मिळावे म्हणून घरमालकांची आणि वाटेत जेवण मिळावे म्हणून हॉटेलवाल्यांची मनधरणी करणे हे त्याचे काम. माझ्या मते नुसती एवढीच मदत अपमानात भरच घालते, आणि याचा पुरावा त्याच उन्हाळ्यात मिळाला. बाल्टिमोरच्या ‘आफ्रो-अमेरिकन’ या कृष्णवर्णीय वृत्तपत्राचे तीन वार्ताहर भपकेदार पोशाख करून, ‘गोबन’ नावाच्या अस्तित्वातच नसलेल्या देशाचे प्रतिनिधी म्हणून याच रस्त्याला लागले. काही ठिकाणी त्यांना नकार मिळाला, पण काही ठिकाणी चक्क अदबीने वाढले गेले. म्हणजे परक्या देशाचा काळा मंत्री चालेल, पण बाल्टिमोरचा काळा नागरिक नको! उद्या पोशाख साधा असला की राजदूतालाही दारातच अडवणार.

सानहुआन यांनी हे ओळखले. सप्टेंबर १९६१मध्ये ते मेरीलँडच्या विधिमंडळ समितीपुढे गेले आणि राजदूतांसाठी सवलत न मागता सर्वांना लागू होईल असा कायदा त्यांनी मागितला. यावर कोणी म्हणेल, केनेडी सरकारला खरी धास्ती सोव्हिएत प्रचाराची होती. होतीच. पण हेतू स्वार्थाचा होता म्हणून मागणी खोटी ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: राज्यकर्त्यांना हलवले ते तिथल्या कृष्णवर्णीयांच्या सत्याग्रहांनी, राजदूतांनी नव्हे. हे मला मान्य आहे. त्या आंदोलकांच्या रेट्याशिवाय सानहुआन यांचे म्हणणे फायलीतच राहिले असते. मात्र राजदूतांना लागलेली झळ आणि नागरिकांचा हक्क ही एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत, हे सरकारच्याच एका अधिकाऱ्याने विधिमंडळापुढे मांडल्यामुळे ‘हा आमचा घरगुती मामला’ ही सबब लंगडी पडली.

कायदा १९६३मध्ये झाला, तोही अर्धामुर्धा. बाल्टिमोर शहर आणि १२ काउंट्यांना तो लागू झाला, उरलेल्या ११ वगळल्या गेल्या. तिथल्या माणसांना १९६४च्या केंद्रीय नागरी हक्क कायद्यापर्यंत थांबावे लागले.