शिक्षकाचा वाटखर्च

परदेशांतील एखाद्या शाळेंत शिक्षकाची नेमणूक झाली, कीं घरांत पहिली चौकशी पगाराची होते. दिरहॅमचे किंवा रियालचे रुपये किती होतील याचा हिशेब मांडला जातो, राहावयास जागा मिळणार कीं नाहीं हें विचारलें जातें, आणि नियुक्तिपत्रांतील एक लहानसें वाक्य मात्र समाधानानें वाचून बाजूस ठेवलें जातें. तें वाक्य म्हणजे, ‘विमानभाडें संस्थेकडून मिळेल.’ आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे तें या एका वाक्याविषयीं. त्यांतील ‘मिळेल’ हा शब्द फार मोघम आहे. केव्हां मिळेल, किती मिळेल, कोणता कागद दाखविल्यावर मिळेल आणि कोणत्या कारणानें मिळणार नाहीं, यांपैकीं कांहींच तो सांगत नाहीं.

वाटखर्च देण्याच्या मुख्य रीती तीन आहेत. पहिल्या रीतींत नोकरी देणारा स्वतःच तिकीट काढून पाठवितो. जपानमध्यें १९८७ सालीं सुरू झालेल्या ‘जेट’ योजनेंत शिक्षकाला जपानला नेण्याचा खर्च त्याला नेमणारी संस्था सोसते; परतीचें भाडेंहि देते, पण करार पुरा करून शिक्षक ठरलेल्या मुदतींत देश सोडील तरच. दुसरी रीत ठोक रकमेची. दक्षिण कोरियांतील सरकारी शाळांसाठीं इंग्रजीचे शिक्षक नेमणारी ‘एपिक’ योजना या रीतीची आहे. तेथें तिकीट शिक्षकानें काढावयाचें आणि रुजू झाल्यावर ठरीव प्रवासभत्ता घ्यावयाचा. पहिल्या सहा महिन्यांत नोकरी सोडल्यास तो परत करावा लागतो. तिसरी रीत प्रतिपूर्तीची: आधीं स्वतः खर्च करावयाचा, पावत्या सादर करावयाच्या आणि मग झालेला खर्च मागून घ्यावयाचा. दुबई, शारजा, मस्कत, रियाध अशा शहरांत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत. तेथें जाणाऱ्या आपल्याकडील शिक्षकानें करार वाचतांना प्रथम हें पाहावें, कीं या तिहींपैकीं आपल्या वांट्याला कोणती रीत आली आहे.

तिसऱ्या रीतीचा खरा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. ज्या दिवशीं शिक्षक गांठीचे पैसे घालून तिकीट काढतो, त्या दिवसापासून ते पैसे हातीं येईपर्यंत तो शाळेचा सावकार असतो. पण हा सावकार मोठा विलक्षण! त्याला व्याज मिळत नाहीं, त्याच्याजवळ तारण नसतें, आणि ज्याच्याकडून येणें आहे त्याच्याच हाताखालीं त्याला रोज काम करावयाचें असतें. पुष्कळदां तर हा पैसा त्याचा स्वतःचाहि नसतो. आईच्या ठेवींतून काढलेला किंवा मेहुण्याकडून उसना आणलेला असतो.

म्हणून कर्ज देतांना शहाणा मनुष्य जे प्रश्न विचारतो, तेच शिक्षकानें तिकीट काढण्यापूर्वीं विचारावे. पहिला प्रश्न असा, कीं कोणता खर्च मिळणार? केवळ विमानभाडें, कीं जादा सामानाचें भाडें आणि घरापासून विमानतळापर्यंतची मोटारहि? भाडें एकट्याचें, कीं पतिपत्नी व मुलांचेंहि? दुसरा प्रश्न मर्यादेचा. संयुक्त अरब अमिरातींतील शाळांची उन्हाळी सुटी जुलै-ऑगस्टमध्यें येते. त्या दिवसांत सारींच कुटुंबें एकदम निघत असल्यामुळें भाडीं कडाडतात, आणि करारांत ठरीव रक्कम असेल तर वरचा फरक शिक्षकाच्या अंगावर पडतो. तिसरा प्रश्न मुदतीचा. ‘पहिल्या पगाराबरोबर’ आणि ‘उमेदवारीचा काळ संपल्यावर’ यांत कित्येक महिन्यांचें अंतर असूं शकतें. चौथा प्रश्न चलनाचा. दिरहॅमचा भाव १९९७ पासून डॉलरशीं बांधलेला आहे. रुपयाचा तसा नाहीं. तिकीट रुपयांत काढलें असेल, तर खरेदीच्या दिवसाचा दर धरणार कीं पैसे देण्याच्या दिवसाचा, हें आधींच ठरलेलें बरें. पांचवा प्रश्न सर्वांत अवघड, आणि म्हणूनच तो बहुधा विचारला जात नाहीं: नोकरी मध्येंच सुटली तर काय?

या शेवटच्या प्रश्नाला कायद्याचें कांहींसें उत्तर आहे. संयुक्त अरब अमिरातींतील खाजगी नोकऱ्यांसंबंधीं २०२१ सालीं झालेला व फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेला कायदा सांगतो, कीं नोकरभरतीचा खर्च नोकराकडून वसूल करतां येत नाहीं. नोकरी संपल्यावर त्याला मायदेशीं पोंचविण्याचा खर्चहि नोकरी देणाऱ्यानेंच सोसावयाचा असतो. मात्र नोकरानें दुसरी नोकरी धरली, किंवा त्याच्याच कारणानें नोकरी संपली, तर नाहीं. सौदी अरेबियाच्या २००५ च्या कामगार कायद्याच्या ४० व्या कलमांतहि परतीचें तिकीट नोकरी देणाऱ्यावर घातलें आहे. शिक्षक सबळ कारणावांचून परतूं पाहील तर तो खर्च त्याचा त्यानें करावयाचा. पण अमिरातींत दरवर्षीं सुटीला घरीं येण्याचें तिकीट ही कायद्याची देणगी नव्हे. तें करारांत लिहिलेलें असेल तरच मिळतें. तोंडी आश्वासनाचा येथें उपयोग नाहीं.

आतां कागदांविषयीं. तिकिटाची पावती शिक्षकाच्या स्वतःच्या नांवाची असावी व तींत भाडें आणि कर वेगळे दाखविलेले असावे. पैसे दिल्याची बँकेची नोंद जपावी. बोर्डिंग पास हल्लीं फोनवर येतो आणि प्रवास झाल्यावर कोठें नाहींसा होतो तें कळतहि नाहीं. त्याची छापील प्रत त्याच दिवशीं काढून ठेवावी. मागणी तोंडीं न करतां ई-मेलनें करावी, आणि ती फार लांबवूं नये. वर्ष उलटल्यावर पावत्या शोधीत बसणें म्हणजे वरातीमागून घोडें. पत्र चार ओळींचें पुरे: ‘अमुक तारखेच्या प्रवासाचें तिकीट, पावती व बोर्डिंग पास सोबत जोडला आहे. करारांतील अमुक कलमाप्रमाणें ही रक्कम या महिन्याच्या पगारांत मिळावी.’ उत्तर न आल्यास त्याच पत्राखालीं स्मरणपत्र लिहावें. पुढें प्रकरण तेथील कामगार मंत्रालयाकडे, किंवा भारताच्या परराष्ट्र मंत्रालयानें २०१५ सालीं सुरू केलेल्या ‘मदद’ या तक्रार-व्यवस्थेकडे नेण्याची पाळी आली, तर हाच पत्रव्यवहार उपयोगीं पडतो.

एक गोष्ट मात्र या साऱ्या कागदांहून महत्त्वाची आहे. जातांनाचें भाडें बुडालें तर नुकसान पैशाचें होतें. परतीचें भाडें हातीं नसेल तर मनुष्य अडकून पडतो. इकडे वडील आजारी पडले, तिकडे शाळेंतील वागणूक असह्य झाली, किंवा मुलाला हवा मानवेना, तर शाळेच्या परवानगीची वाट न पाहतां घरीं येतां आलें पाहिजे. यासाठीं एका परतीच्या तिकिटाइतकी रक्कम येथील बँकेंत वेगळी ठेवावी आणि शाळेकडील सर्व येणें वसूल होईपर्यंत तिला हात लावूं नये. ज्याच्या मागें ही रक्कम आहे, त्या शिक्षकाला आपलें येणें मागतांना आवाज खालीं आणावा लागत नाहीं.

आपल्या घरांतून अशी समजूत असते, कीं नोकरी देणाऱ्याला पैशाविषयीं खोदून विचारणें म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणें. ही समजूत चुकीची आहे. चांगल्या शाळेला अशा प्रश्नांचा राग येत नाहीं. तिच्याजवळ उत्तरें तयार असतात. आणि जी शाळा या पांच प्रश्नांनीं रागावते, तिनें आपलें उत्तर दिलेंच म्हणावयाचें! तें उत्तर विमानांत बसण्यापूर्वीं कळलें, तर त्यांत शिक्षकाचें कांहींच जात नाहीं.